समोर बसणाऱ्याची माहिती

साशंक : मुलाखतीला जाण्याआधी समोर कोण बसणार आहे ते शोधून काढा, त्यांचं शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, लेख, भाषणं सगळं वाचून जा, असं तुम्ही प्लेसमेंटच्या मुलांना सांगता. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बरीच वर्षं बसतो आहे आणि मला हा सल्ला पटत नाही. मुलगा आत येतो, बसतो आणि दुसऱ्याच उत्तरात म्हणतो, ‘सर, तुम्ही अमुक परिषदेत जे मांडलं होतं...’ हे ऐकून कोणालाही बरं वाटतं, मलाही वाटतं. पण तिथून पुढे त्याचं उत्तर चांगलं होतं की मला बरं वाटलं होतं, हे वेगळं काढता येत नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेले शेरे तपासले आणि १९२० मध्ये लिहून ठेवलं, की हाताखालच्या माणसाबद्दल एकदा चांगलं मत झालं की त्याच्या सगळ्याच गुणांना चढे आकडे पडतात, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा गुणांनाही. माझ्यापुढच्या कागदावरही वेगवेगळे रकाने असतात, विषयाचं ज्ञान, मांडणी, सांघिक काम. त्या एका वाक्याचा रंग सगळ्या रकान्यांवर चढतो. त्याच्यानंतर येणारी मुलगी तेवढीच हुशार असते, पण तिने माझं भाषण ऐकलेलं नसतं. तिचं यात काय चुकलं?

आग्रही : तिचं काहीच चुकलं नाही. पण तुम्ही सांगितलेला दोष परीक्षकाच्या खुर्चीतला आहे आणि बंदी घालता आहात ती उमेदवारावर. आधी एक पाहा. ती मुलगी दारातून आत येण्यापूर्वी तुमच्या हातात काय असतं? तिचं पूर्ण नाव, म्हणजे आडनाव आलंच. जन्मतारीख, गाव, तालुका, कॉलेज, दहावी-बारावीचे गुण, शिक्षणात वर्षाचा खंड पडला असेल तर तोही. तिच्या हातात काय असतं? एक पत्ता आणि एक वेळ. या कागदावरच्या माहितीचं काय होतं ते ठाऊक नाही असं आपण म्हणू शकत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फरक फक्त नावांचा ठेवला. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी बोलावणी आली होती. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या बड्या कंपन्यांतल्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं, की ‘घरची पार्श्वभूमी’ हा प्रश्न तिथे सर्रास विचारला जातो आणि विचारणाऱ्यांना त्यात वावगं वाटत नाही. तुम्ही तिच्या वडिलांचा व्यवसाय विचारणार, आणि तिने तुमचं काम काय एवढंही पाहून यायचं नाही?

साशंक : ही असमानता आहे, पण ती कामातूनच येते. जबाबदारी मी देणार असतो, तेव्हा मला तिच्याबद्दल जास्त माहिती लागणारच. आणि माझी खरी भीती खुशामतीची नाहीच. आपल्याकडे माणूस शोधताना लोक काय शोधतात? आधी आडनाव बघतात, मग गाव. मग कॉलेज, मग कोणी सामायिक ओळखीचं निघतंय का ते. अनोळखी माणसाशी पहिल्या पाच मिनिटांत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ इथवर येणारा आपला समाज आहे. वशिला लावायला पूर्वी मध्ये एक माणूस लागायचा, त्याच्या घरी जावं लागायचं, शब्द टाकावा लागायचा. तो माणूस बाजूला करून तोच धागा आता मोबाइलवर सापडतो. हा धागा तोडायला या देशाला किती झगडावं लागलं ते आठवा. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच त्या निवडीत उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा आली तेव्हा तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर मत द्यायला बसला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवडच रद्द केली. १९८५ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, की आयोगाच्या सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्याच्या मुलाखतीत त्या सदस्याने भागच घेऊ नये. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला जाणाऱ्याला आपण कोणत्या बोर्डापुढे जाणार हे त्याच दिवशी कळतं. इतक्या काळजीने जे झाकलं, ते उघडायला तुम्ही शिकवता.

आग्रही : आयोगाचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. सदाशिव पेठेत कोणत्याही अभ्यासिकेत जा. मुलाखत देऊन आलेली मुलं सगळे प्रश्न लिहून टेलिग्रामवर टाकतात, वर अध्यक्षांचं नाव. अमुक बोर्ड छंदावर घसरतं, तमुक बोर्ड जिल्ह्याबद्दल खोदून विचारतं, याच्या याद्या फिरतात. लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण असताना मुलं हे करणारच. बोर्ड ऐन वेळी कळतं हे खरं, पण सगळ्याच बोर्डांची तयारी ज्याच्याकडे आहे त्याला त्याने काय फरक पडतो? दिल्लीत वर्षभर राहण्याची ऐपत असलेल्याकडे ती तयारी जास्त असते. झाकलेली गोष्ट सगळ्यांपासून सारखी झाकलेली नसते.

आता खासगी नोकरीचं सांगते, आणि एकाच मुलीचं सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते तिच्यावरूनच कळतं. औसा तालुक्यातली, घरात इंजिनिअर झालेली पहिली. वडिलांचं कृषी सेवा केंद्र. पेमेंटचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीचा मेल आला, त्यात पॅनेलवरच्या दोघांची नावं होती. त्यांच्यातल्या एका बाईंचं अडकलेल्या व्यवहारांवरचं भाषण यूट्यूबवर होतं. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण व्यवहार पुरा झाला नाही, तर ते परत कसे करायचे, असा विषय. मुलीने ते थांबवून थांबवून ऐकलं आणि मला म्हणाली, ‘मॅडम, हे तर आमच्या दुकानात रोज होतं.’ खरिपाच्या तोंडावर दुकानात गर्दी, नेटवर्क नाही, बियाण्याची पिशवी काउंटरवर, शेतकरी मोबाइल पुढे करून म्हणतो, ‘पैसे कट झाले, हा बघा मेसेज.’ वडिलांच्या स्पीकरवर मात्र आवाज नाही. वडील वहीत नाव, रक्कम आणि मेसेजमधला यूटीआर नंबर लिहून घेतात आणि ओळखीचा असेल तर पिशवी देतात. ओळखीचा नसेल तर भांडण. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप ग्राहकाला परत जायला हवी, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे पैसे परत गेले तर पिशवी दिलेल्या दुकानदाराने पुन्हा त्या शेतकऱ्याच्या मागे लागायचं. भाषणात सगळा विचार ग्राहकाच्या बाजूने केलेला होता. तिने मुलाखतीत विचारलं, ‘तेवढ्या वेळात तुमची सिस्टिम दुकानदाराला काय सांगते?’ पुढचा सगळा वेळ त्या एका प्रश्नावर गेला.

यात कुठे खुशामत आहे? वडिलांची ती वही मुलाखतीत बोलायच्या लायकीची गोष्ट आहे, हे तिला त्या शोधाशोधीनेच कळलं. नाहीतर ती पाठ केलेली व्याख्या सांगून परत आली असती, आणि तुमच्या कागदावर शेरा पडला असता, ‘साधारण’.

साशंक : हे उदाहरण मी मनापासून मान्य करतो. तिने त्या बाईंचं काम वाचलं आणि त्यात राहिलेली जागा दाखवली. मुलाखत याहून चांगली होऊ शकत नाही. पण ते भाषण सापडण्याआधी तिच्या मोबाइलवर आणखी काय काय आलं असेल? त्या बाईंच्या घरच्या गणपतीचे फोटो, मुलीचा वाढदिवस, माहेरचं आडनाव, कोणत्या महाराजांच्या पानाला लाइक केलंय ते. तुमची विद्यार्थिनी ते ओलांडून पुढे गेली असेल. सगळे जात नाहीत. माझ्या एका सहकारी बाईंना उमेदवार रात्री साडेअकराला मेसेज करायचा, आणि निवड झाली नाही तेव्हा त्याच खात्यावरून त्याने जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांनी मुलाखती घेणंच थांबवलं. तंत्रशिक्षण घेतलेल्या मुलींनी टेबलाच्या त्या बाजूला बाई बसलेली पाहावी असं आपल्या दोघांनाही वाटतं, आणि अशा अनुभवांनी ती खुर्ची रिकामी होते. कायदा इथे उपयोगाचा नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही, आणि कोणी स्वतःच्या खासगी कारणासाठी माहिती हाताळली तर त्यालाही नाही. म्हणजे सगळं रीतीभातीवर आलं, आणि ही रीत कोणी घालूनच दिलेली नाही.

आग्रही : ती घालून द्यायला हवी, आणि मी वर्गात ती घालून देते. त्या माणसाने अनोळखी लोकांसाठी म्हणून जे मांडलंय ते वाचायचं. भाषण, लेख, पेटंट, सगळ्यांना खुला ठेवलेला कोड. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी जे आहे ते चुकून दिसलं तरी पुढे जायचं. मुलाखतीआधी कनेक्शनची रिक्वेस्ट पाठवायची नाही. आणि खोलीत गेल्यावर ‘मी तुमच्याबद्दल वाचलं’ असं सांगायचं नाही, वाचून जो प्रश्न पडला तो विचारायचा. मुलं हे पाळतात. न सांगता सोडलेली मुलंच मर्यादा ओलांडतात, म्हणून तर मला हे उघडपणे शिकवायचं आहे.

माझी अडचण वेगळीच आहे. ही सगळी रीत ज्यांचं काम जगापुढे मांडलं जातं त्यांच्यापुरतीच आहे. चाकणच्या कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर आयटीआयच्या पोराची मुलाखत घेतो, त्याचं भाषण कुठे सापडणार? तो पोरगा गेटवरच्या वॉचमनला विचारतो, समोरच्या टपरीवर चहा घेताना विचारतो, ‘साहेब कसे आहेत?’ उत्तर मिळतं, ‘कडक आहेत, मशीनला हात लावायला सांगतात.’ ही माहितीसुद्धा मोलाचीच आहे आणि ती मिळवण्यात मला काही गैर दिसत नाही.

साशंक : गैर नाही. पण त्या पोराला टपरीवर जेवढं कळलं तेवढं कामाशी बांधलेलं होतं. मशीनवर हात चालतो की नाही हे सुपरवायझरला दहा मिनिटांत दिसतं, तिथे गोड बोलून निभावत नाही. बोलण्यावर निवड होते अशा नोकऱ्यांत गोंधळ आहे. लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या बँका, सल्लागार कंपन्या आणि बड्या वकिली फर्म यांची भरती आतून पाहिली आणि २०१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की निवडणारे लोक आपल्यासारखा माणूस शोधतात. त्याचे खेळ आपल्यासारखे, सुट्टीतले छंद आपल्यासारखे. आपल्याकडेही हेच आहे. पॅनेलवरचे साहेब रविवारी सह्याद्रीत भटकतात हे एकाला कळलं की चार बायोडेट्यांत गडकिल्ल्यांची आवड उगवते. आता तुमचा विद्यार्थी साहेबांसारखा दिसायला शिकला आणि त्याला नोकरी लागली असं धरा. त्याचं भलं झालं. पण ‘आपल्यासारखा’ ही कसोटी तशीच राहिली, उलट ती बरोबर आहे असा साहेबांचा समज पक्का झाला. आणि त्या मुलाचं काय होतं ते मी समोरून पाहिलं आहे. तो प्रश्न ऐकत नाही, माझा चेहरा वाचत असतो. मी भुवई उचलली की वाक्य मध्येच वळवतो. अशा मुलाला खरंच काय येतं हे मला शेवटपर्यंत कळत नाही. ते कळून न घेता पाठवलेल्या माणसाला मग पहिल्या सहा महिन्यांत फार सोसावं लागतं.

आग्रही : तुमचं हे दुःख खरं आहे. पण ज्या मुलाच्या घरात जेवताना कंपनीच्या गोष्टी निघतात, ज्याचा काका अशाच कुठल्याशा पदावर आहे, तो साहेबांची नक्कल करत नाही असं तुम्हाला वाटतं, कारण त्याला करावीच लागत नाही. ते बोलणं, ते बसणं, कुठे थांबायचं ते, हे त्याला घरात मिळालेलं आहे. त्याला तुम्ही ‘सहज’ म्हणता आणि माझ्या विद्यार्थ्याला ‘तयारी करून आलेला’. शुद्धतेची अट फक्त बाहेरून येणाऱ्यालाच का? श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं प्रवेशाचं प्रकरण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. तोंडी परीक्षेला १५० पैकी ५० गुण, आणि तक्रार अशी की मुलांना दोन-तीन मिनिटंच मिळाली, तीही वडील कोण आणि राहता कुठे यात गेली. न्यायालयाने तोंडी गुणांवर १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली, मुलाखत टेप करा असंही सुचवलं. लक्षात घ्या, सुधारणा परीक्षकाने करायची होती. तुम्हीही तेच करा. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि आपसात बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून टाकायचे. अशी बांधीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज चांगला देते, हे या विषयातले संशोधक कित्येक दशकं सांगत आले आहेत. बॉस्टनच्या सिम्फनी वाद्यवृंदाने १९५२ मध्ये पडद्यामागून वादन ऐकून निवड सुरू केली. आपल्या केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. तुम्ही एवढं केलंत तर समोर कोण बसलंय हे शोधायची गरजच उरणार नाही, आणि मी ते शिकवणं आनंदाने थांबवीन.

साशंक : थांबवता येणार नाही. एडिसनने १९२१ मध्ये नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांना प्रश्नांची एक लांबलचक यादी द्यायला सुरुवात केली होती. सगळ्यांना तेच प्रश्न. नाकारलेल्या एका उमेदवाराने ते आठवून आठवून वर्तमानपत्राला दिले, ते छापून आले, आणि एडिसनला प्रश्न बदलावे लागले. माणूस शोधणं बंद झालं की प्रश्न शोधणं सुरू होतं. तरीही मी तुमची बांधीव मुलाखत मान्य केली असती. पण तुम्ही आत्ता जी गोष्ट सांगितलीत तिने मला अडवलं आहे. त्या औशाच्या मुलीला माझ्या बांधीव कागदावर जागा कुठे आहे? ठरलेल्या प्रश्नांत ‘तुमच्या वडिलांच्या वहीबद्दल सांगा’ असा प्रश्न नसतो. तिने उलट प्रश्न विचारला, पॅनेलने ठरलेलं सोडलं आणि ते तिच्या मागे गेले, म्हणून ती दिसली. मी सगळ्यांना सारखं वागवायला निघालो की ती हरवते. आणि तिला मोकळी जागा दिली की त्याच जागेतून गडकिल्लेवालाही आत येतो. इतका वेळ माझा आक्षेप शोधणाऱ्यावर होता. आता मला वाटतं, आत आल्यावर परीक्षकाला कामाकडे वळवणारी माहिती आणि नात्याकडे वळवणारी माहिती यांतला फरक मोठा आहे. पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आग्रही : आणि उमेदवारालाही कधीकधी सारख्याच दिसतात. एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मॅडम, सरांचं गाव आमच्या शेजारचं आहे. सांगू का?’ मी म्हटलं, विचारलं तर खरं सांग, आपणहून नको. तो म्हणाला, ‘पण माझं गाव बायोडेट्यात आहेच की.’ त्याचं बरोबर होतं. सरांनी ते आधीच वाचलेलं असणार आणि मनात जे व्हायचं ते झालेलं असणार. मग त्याने गप्प राहून कोणाशी प्रामाणिकपणा केला? मला याचं उत्तर देता आलं नाही. माझ्या मते निदान एवढं करता येईल. कंपनीने सगळ्यांनाच पॅनेलवरच्या लोकांची नावं आणि त्यांच्या कामाची थोडक्यात माहिती आठवडाभर आधी पाठवावी. त्यांचं एखादं भाषण वा लेख असेल तर तोही सोबत द्यावा. म्हणजे उमेदवाराला घरच्या पानांवर भटकावं लागणार नाही, आणि ज्याच्याकडे कोणी सांगणारं नाही त्यालाही तेवढंच कळेल.

साशंक : माहिती पाठवायला माझी हरकत नाही. नाव पाठवायला आहे. नाव गेलं की त्या आठवड्यात फोन सुरू होतात. ‘आपल्या अमक्यांचा भाचा आहे, जरा बघा.’ हे मी कल्पनेने सांगत नाही. ज्या वर्षी नावं गुप्त राहिली त्या वर्षी मला फोन कमी आले.

आग्रही : कमी आले, बंद झाले नाहीत. नावं गुप्त असतानाही ज्याला तुमचा नंबर मिळाला, तो कोण होता ते आठवून पाहा. ती औशाची मुलगी तर नव्हती. तुमच्या गुप्ततेने तिला नक्की अडवलं आणि भाच्याला थोडा उशीर झाला. नावं जाऊ द्या, आणि आलेला प्रत्येक फोन त्या उमेदवाराच्या गुणपत्रिकेवरच लिहून ठेवा. कोणी केला, केव्हा केला. सगळ्या पॅनेलने तो वाचायचा.

साशंक : लिहीन. बरोबरीच्या माणसाचा फोन आला तर तुमच्या शब्दाखातर नक्की लिहीन. पण तो ज्यांच्या सहीने माझी स्वतःची बढती होते त्यांचा असला, आणि पॅनेलवरचे बाकीचे दोघंही त्यांच्याच हाताखाली असले, तर तो कागद मी कोणापुढे ठेवायचा, हे तुम्ही मला सांगा.